अध्यक्ष झाडासकट निपाणीस आले आहेत, त्याबाबत

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, ६ जून २०००

तीर्थस्वरूप आक्का हिच्या पायांशी धाकट्या वृषभचा नमस्कार. (गुडघा अजून धरत असेल तर पाय पुढे करायची तसदी घेऊ नकोस, नमस्कार लांबूनही पोचतो.) दाजींना दंडवत, मुलांना आशीर्वाद. गेल्या बुधवारपासून तुझ्या घरी मुक्कामाला असलेले तुझे चुलत दीर आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष बाळासो मगदूम यांना काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून ती जागा कोरी सोडतो. इकडे सर्व ठीक. म्हणजे माझी साखर वाढली आहे, हिची कंबर धरली आहे आणि डॉक्टरांनी दोघांनाही 'दगदग कमी करा' एवढं एकच औषध दिलं आहे, जे राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. दोनदा केला होता. दोन्ही वेळा बाळासोंनीच उचलला आणि मी, वय वर्षे सत्तेचाळीस, संस्थेचा कार्यालयीन अधीक्षक, शाळेतल्या पोरासारखा रिसिव्हर खाली ठेवून दिला. म्हणून हे पत्र आकारामच्या हाती देतो आहे. आकाराम शिंदे आमचा शिपाई. त्याची लेक निपाणीजवळच दिली आहे, तिच्याकडे जाता जाता तो तुझ्याकडे वाकडी वाट करील. त्याला चहा दे, पण बाळासोंसमोर देऊ नकोस. बाळासो दिसले की आकाराम न विचारलेलंही सांगतो.

तुझ्या मागच्या पत्रात एकच प्रश्न होता, गोमटेशच्या कामाचं काय झालं. सांगतो. कळंब्याला आमचं तंत्रनिकेतन आहे, तिथे प्रयोगशाळा परिचराची एकच जागा आहे. वरच्या ऑफिसचे साहेब या शुक्रवारी, नऊ तारखेला, येणार आणि त्या दिवशी यादीत ज्याचं नाव असेल त्याला कायमची मान्यता देऊन जाणार. अशी मान्यता पुन्हा कधी निघेल ते देवाला ठाऊक, मागची निघाली तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते. त्या जागेसाठी नावं दोन. एक तुझ्या नणंदेचा गोमटेश, ज्याच्यासाठी बाळासोंनी शब्द दिला आहे. दुसरी शालन कांबळे, जी त्याच जागेवर नऊ वर्षं तात्पुरती म्हणून काम करते आहे. आणि आजच्या घडीला दोघांपैकी कोणाचंच नाव लिहिता येत नाही, कारण ज्यात लिहायचं त्या झाडाचा मालक तुझ्या सोप्यात बसून गव्हाची हुग्गी खातो आहे. हे कसं झालं ते मुळापासून सांगितल्याशिवाय तुला कळणार नाही, आणि सांगितल्यावर तरी कळेल का, मला शंका आहे, कारण मला स्वतःला अजून पुरतं कळलेलं नाही.

आमच्या संस्थेत सेवाज्येष्ठतेच्या तीन याद्या होत्या. एक प्राचार्य यादवांच्या कपाटात, एक बाळासोंच्या कोटाच्या खिशात, आणि तिसरी, जी खरी, ती आकारामला तोंडपाठ. स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायची म्हटली तरी कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून दोन माणसं दवाखान्यात जायची. (एकदा खरोखर गेली होती. रक्तदाबाने. मी पत्रिका पुन्हा छापून आणली, तर तिसरा गेला.) अशात गेल्या डिसेंबरात ठरलं की राजारामपुरीचं कॉलेज, शाहूपुरीची शाळा आणि कळंब्याचं तंत्रनिकेतन, तिन्हीकडचे संगणक तारेने जोडायचे. जोडले, की त्या जाळ्याचा कारभार बघायला आत एक मोठी नोंदवही लागते म्हणे. कोण माणसं, कोणती यंत्रं, कोणते प्रिंटर, कोणाला काय उघडायची मुभा, सगळं त्यात. हे ऐकताच कार्यकारी मंडळाचे डोळे चमकले. आयतीच यादी मिळते आहे, तीही यंत्राची, म्हणजे कोणाचा भाऊ नाही की मेव्हणा नाही. ठराव क्रमांक चौदा एकमताने मंजूर झाला, की यापुढे यंत्रातल्या नोंदवहीत ज्याचं नाव तोच संस्थेचा सेवक, तीच अधिकृत यादी, आणि कागद संगणकावर निघालेला असल्यामुळे त्यावर कोणाच्या सहीची आवश्यकता नाही. तारा सांभाळायच्या नोंदवहीला या लोकांनी मानपानाची वही केली, आक्का. ठरावाचं टिपण मीच लिहिलं. तेव्हाच हात आखडायला हवा होता.

कारभारी मला केलं. कारण एकच, इलेक्ट्रिक टाइपरायटरला हात लावायला न घाबरणारा संस्थेत मी एकटा होतो. जानेवारीत पुण्याहून आदिती नावाची एक इंजिनियर मुलगी तीन दिवस आली. हुशार, बोलायला गोड, आणि तिला आमच्या संस्थेबद्दल काहीही माहिती नव्हती, म्हणून ती आनंदात होती. तिने फळ्यावर झाड काढलं. ते उलटं. मूळ वर, फांद्या खाली, पानं सगळ्यांत खाली. बाळासो पुढच्या खुर्चीत होते, ते म्हणाले, "पोरी, असलं झाड आमच्या मळ्यात उगवलं तर आम्ही वैदू बोलवतो." ती हसली आणि म्हणाली, असंच असतं सर. वर मूळ, त्याखाली संस्था, संस्थेखाली तीन शाखा, शाखेखाली विभाग, आणि टोकाला पानं, म्हणजे आपण सगळे, आणि प्रिंटरसुद्धा. (प्रिंटर आणि प्राध्यापक एकाच पातळीवर, हे तिथेच दोघा-तिघांना लागलं.) प्रत्येकाचं पूर्ण नाव खालून वर वाचायचं, पाकिटावर पत्ता लिहितो तसं, आधी माणूस, मग विभाग, मग शाखा, मग संस्था. वरच्या फांदीला एखादा हक्क दिला की तो खालच्या सगळ्या पानांना आपोआप लागू, मध्ये कोणी अडवला तर गोष्ट वेगळी. अशा वहीच्या तीन प्रती, तीन ठिकाणच्या मोठ्या यंत्रांत. एका ठिकाणी बदल केला की ते यंत्र टेलिफोनच्या तारेने बाकीच्या दोघांना कळवतं, आणि तिन्ही प्रती पुन्हा सारख्या होतात. आणि या सगळ्याच्या कारभाऱ्याला म्हणायचं ॲडमिन. त्याला सर्व हक्क. म्हणजे मला. घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावून या.

फेब्रुवारीत पहिला कागद छापून फलकावर लावला आणि पहिल्याच दिवशी घात झाला. एका फांदीवरची पानं यंत्र इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने मांडतं. त्याला काय ठाऊक कोण प्राचार्य आणि कोण शिपाई. शिपायांना मी नावाने घातलं होतं आणि साहेबांना आडनावाने, म्हणून कॉलेजच्या फांदीवर पहिलं नाव आकाराम शिंदे आणि शेवटचं यादव. तास दोन तासांत आकारामची बायको चिमणाबाई पेढे घेऊन आली. प्राध्यापकांतल्या दोघांनी ते खाल्ले, बाकीच्यांनी निषेध म्हणून खिशात ठेवले. प्राचार्य माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत. म्हणाले, "चौगुले, मी एकोणतीस वर्षं नोकरी करतोय. आकारामच्या खाली?" मी म्हटलं, सर, ही नुसती यंत्राची सोय आहे. ते म्हणाले, "ठराव चौदा वाचा." माझ्याच अक्षरातला ठराव मला वाचायला लागला.

मग त्यांच्यासाठी मी एक वेगळी फांदी केली, बरोबर संस्थेच्या खाली, आणि त्यांना उचलून तिथे एकट्याला नेऊन ठेवलं. मान राहिला, पण प्रिंटर गेला. प्रिंटरची मुभा जुन्या फांदीला होती, तिथून उठलेल्या माणसाला ती लागू नाही. चार दिवस प्राचार्यांचा एकही कागद निघेना. बरं, तेव्हा कळंब्याची तार फार मंद चालायची, तिथल्या प्रतीला ही बढती दोन दिवस समजलीच नव्हती, तिच्या लेखी प्राचार्य अजून जुन्याच फांदीवर, प्रिंटरसकट. म्हणून संस्थेतला सर्वांत वरचा माणूस एक अर्ज छापायला शहर बसने कळंब्याला गेला. परत आल्यावर मला म्हणाले, तिथे मला अजून माणूस म्हणून ओळखतात.

कळंब्यावरून शालन आठवली. आक्का, ही बाई तू पाहिली नाहीस. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, पदर कमरेला, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात पेचकस. नवरा गेल्यावर केरबा नावाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला आणि मुलगी साक्षीला सांभाळून आहे. कळंब्याची प्रत्येक तार तिने भिंतीतून ओढलेली, कोणतं यंत्र कुठे दुखतं ते तिला हात लावून समजतं. आदिती पुण्याला जाताना म्हणाली होती की काही अडलं तर मला नको, त्या शालनताईंना विचारा. पण शालन झाडात नव्हती. तात्पुरत्यांना झाडात घ्यायचं नाही, असं बाळासोंचं तोंडी फर्मान. आणि झाडात नाव नाही तर यंत्र ओळखत नाही, दारातच उभं करतं. मग ती काम कसं करायची? आकारामच्या नावाने. त्याचं नाव, त्याचा गुप्त शब्द. त्यामुळे यंत्राच्या दप्तरी आकाराम शिंदे एकाच वेळी राजारामपुरीत चहा देत होता आणि कळंब्याला प्रयोगशाळा चालवत होता. मार्चमध्ये उत्कृष्ट सेवकाचं प्रमाणपत्र यंत्रातल्या नोंदी बघून दिलं गेलं. आकारामला मिळालं. तो ते घेऊन कळंब्याला गेला आणि शालनच्या टेबलावर ठेवून आला, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे.

ती मला एकदाच विचारायला आली. म्हणाली, "सर, झाडात माझं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, तू तात्पुरती आहेस ना. ती म्हणाली, "व्हय. पर वायर मीच वडलीया की." त्यावर मी फाइल उघडून काहीतरी शोधत बसलो. ती कळंब्याला परत गेली. नऊ वर्षं तिची नोकरी दर एक मेला तुटते आणि पंधरा जूनला जोडली जाते, म्हणजे सलग सेवा दिसत नाही आणि कायम करावं लागत नाही. तो खंडाचा आदेश दर वर्षी मीच टाइप करतो. खंडात पगार नाही, पण खंडातही ती येते, कारण ती आली नाही तर कळंब्याचं यंत्र बंद पडतं आणि मग सगळे मला विचारतात.

तर असं चाललं असताना मे महिन्यात बाळासोंची नजर कागदावरच्या 'ॲडमिन' या शब्दावर पडली. मला बोलावणं आलं. "ह्यो ॲडमिन कोण?" म्हणाले. मी म्हटलं, मीच की साहेब. "तुला काय काय हक्क हाईत?" मी म्हटलं, सगळेच. "आनि मला?" आता खोटं कसं बोलू? त्यांना एक प्रिंटर आणि यंत्रात कागद ठेवायला एक खण होता. मग म्हणाले, "वृषभ, तुला कामाला कुणी लावला?" मी म्हटलं, तुम्हीच. "मग तू माझ्या वर कसा?" हा प्रश्न आदितीच्या तीन दिवसांत शिकवलेला नव्हता. हुकूम झाला, की सर्व हक्क अध्यक्षांच्या नावे करायचे आणि ॲडमिन नावाचा इसम झाडातून काढून टाकायचा. मी पुण्याला फोन लावला. आदिती कळवळून म्हणाली, सर, असं करू नका, निदान दोघांकडे तरी चावी राहू दे. मी तसं सांगितलं. बाळासो म्हणाले, "पुण्याची पोरगी, तिला आपली संस्था काय कळतीया."

मी नियमाप्रमाणे लेखी आदेश मागितला. त्यांनी दिला. माझं नाव झाडातून काढण्याच्या त्या आदेशावर जावक क्रमांक मीच घातला, इतका मी या संस्थेत मुरलो आहे. बावीस मेला सकाळी समारंभ झाला. बाळासोंनी गुप्त शब्द स्वतः घालायचा होता, तेव्हा प्राचार्य, दोन संचालक आणि मी, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एका बोटाने तो शब्द घालायला त्यांना सहा मिनिटं लागली. आम्ही समोरच्या कॅलेंडरावरचे सण वाचत होतो. मग त्यांच्याच हाताने ॲडमिन पुसला गेला आणि संस्थेत त्यांच्याखेरीज कोणालाही पान हलवता येईना. नारळ फोडला. खोबरं मला पहिल्यांदा दिलं, माणूस वाईट नाही.

हे आठ दिवस टिकलं. तीस मेच्या सभेत त्या झाडाची मोठी छापील प्रत चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायची होती. बाळासोंनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं ते सगळ्यांत वरच्या छोट्या गोलावर. "हे कोण?" मी म्हटलं, कोणी नाही साहेब, झाड तिथून सुरू होतं. "कोण न्हाई तर माझ्या डोक्यावर कशाला बसवलंय?" मग म्हणाले, तिथे आमच्या आण्णांचं नाव घाला, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, संस्था त्यांनी काढली. प्राचार्य म्हणाले, काढणारे सात जण होते, घालायची तर सातही घाला. यंत्र म्हणालं, एकही घालता येणार नाही. बाळासोंची खात्री पटली की यंत्राला प्राचार्यांनी शिकवून ठेवलं आहे. त्यांनी चष्मा डबीत घातला, डबी खिशात घातली आणि म्हणाले, "मग चालवा तुमचं तुम्ही." दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात त्यांची ट्रॅक्स गाडी थांबली, पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ते गेले आणि त्यांच्याबरोबर तो गुप्त शब्दही गेला. आता इथे एक पान हलत नाही. एकतीस मेला निवृत्त झालेले दोघे निरोपाचे हार घालून घरी गेले, पण झाडात अजून कामावर आहेत. लायब्ररीयन आपला गुप्त शब्द विसरली, नवा द्यायला कोणी नाही, ती दिवसभर स्वेटर विणते, जूनमध्ये. नवा कारकून आला आहे, यंत्र त्याला ओळखत नाही, त्याला मी माझा जुना टाइपरायटर दिला आणि तो आख्ख्या ऑफिसात सर्वांत जास्त काम करतो. भरीला एकोणीस मेला कळंब्याच्या रस्त्यावर नळासाठी कोणीतरी चर खणला, त्यात टेलिफोनची तार तुटली, आणि कळंबा तेव्हापासून अबोल. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाची झुंबड उडणार. मी रोज सकाळी ऑफिसात येतो, पंखा लावतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो, की साहेब निपाणीला आहेत. माझं दुसरं काम उरलेलं नाही, आणि हे एक करूनही मी पार थकून गेलो आहे.

म्हणून प्राचार्य यादवांच्या सांगण्यावरून ही विनंती. मा. अध्यक्ष महोदयांची समजूत घालून त्यांना गुरुवारपर्यंत कोल्हापूरला पाठवून द्यावंस. शुक्रवारी साहेब येतील तेव्हा यादी यंत्रातून तिथल्या तिथे काढून त्यांच्या हातात द्यायची आहे. अध्यक्षांनी जाताना प्राचार्यांना सांगितलंच होतं, की जमलं तर येऊन माझ्या हातानं गोमटेशचं नाव घालीन. ते आले तर परिचराच्या जागेचाही प्रश्न सुटेल आणि तुझ्या सासरच्या मंडळींनाही बरं वाटेल. प्राचार्यांनी आत्ता माझ्या खांद्यावरून वाकून, मुद्दाम सुवाच्य काढलेला हा एवढा परिच्छेद वाचला आणि समाधानाने मान हलवली. बाकीचं पत्र त्यांना वाचता येत नाही, माझं अक्षर लागत नाही म्हणाले, या अक्षराने मला आयुष्यात पहिल्यांदाच वाचवलं.

थांबतो. गुडघ्याला तेल लावत जा, दाजींना उन्हात वखारीत बसू देऊ नकोस. थोरल्यांना वाकून आणि धाकट्यांच्या डोक्यावर हात ठेवून,

तुझा दमलेला भाऊ,
वृषभ

ता. क. १. मागच्या खेपेला धपाटे दिले होतेस तो डबा आकारामबरोबर पाठवला आहे. झाकण दुसरं आहे. तुझं कुठे गेलं ते विचारू नकोस.

ता. क. २. प्राचार्य घरी गेले. हा कागद वेगळा आहे, तो वाचून झाला की चुलीत घाल.

कळंब्याची तार एकोणीस मेला तुटली आणि मला झाडातून काढलं ते बावीसला, हे वर लिहिलंच आहे. त्याचा अर्थ मला परवा रविवारी, जेवताना, घास हातात असताना लक्षात आला. कळंब्याच्या प्रतीला ती बातमी पोचलेलीच नव्हती. तिथे मी अजून कारभारी होतो. काल सकाळी रजा टाकून कळंब्याला गेलो. शालन फरशी पुसत होती, तिच्या खंडातली फरशी. यंत्रात माझं जुनं नाव घातलं, जुना शब्द घातला, आणि त्याने मला ओळखलं, सर्व हक्कांसह. मग कळंब्याच्या फांदीवर नवीन पान केलं. शालन केरबा कांबळे, प्रयोगशाळा परिचर. (केरबा तिचा सासरा, नवऱ्याचं नाव फॉर्मात सापडेना आणि तिला विचारायला माझी जीभ रेटेना. ती म्हणाली, असू द्या, मामांनाबी बरं वाटंल.) तिने स्वतःच्या नावाने आत जाऊन पाहिलं. पडद्याकडे बघत म्हणाली, "आता ह्यात मीच हाय न्हवं? आकाराम न्हाय?" मी म्हटलं, तूच. तिने फडकं पिळून वाळत घातलं आणि यंत्राची धूळ पदराने पुसली.

दुपारी तीनला तारवाले आले आणि तार जुळली. दोन्ही यंत्रं सतरा दिवसांनी एकमेकांशी बोलली. राजारामपुरीने कळंब्याला सांगितलं, की वृषभ चौगुले आता कोणी नाही. कळंब्याने राजारामपुरीला सांगितलं, की शालन कांबळे आली आहे. दोघांनी एकमेकांचं मुकाट्याने ऐकलं. त्यानंतर मला पुन्हा आत घेतलं नाही, मी दोनदा प्रयत्न केला. आता ते नाव मला काढता येत नाही, प्राचार्यांना येत नाही, आदितीला पुण्याहून येऊनही लगेच जमणार नाही. ते काढता येणारा माणूस जगात एकच आहे आणि तो तुझ्याकडे जेवतो आहे.

ता. क. ३. तेव्हा वर जे 'गुरुवारपर्यंत पाठवून द्यावंस' लिहिलं आहे, ते प्राचार्यांसाठी. माझी विनंती अशी, की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्यांना हलू देऊ नकोस. गोमटेश तुझ्या नणंदेचा मुलगा आहे, उद्या घरात तुलाच ऐकून घ्यावं लागेल, हे मला कळतं. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. पण गोमटेशला बापाची तंबाखूची वखार आहे आणि प्रयोगशाळा बघायला आला होता तेव्हा तो बाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला. शालनचे नऊ आदेश मी टाइप केले आहेत, आक्का, कार्बन घालून, तीन प्रतींत, आणि एकदाही हात थांबला नाही. त्याची मला लाज वाटते. इतकी वर्षं नुसता कंटाळा आला आहे असंच मी समजत होतो.

त्यांना थांबवणं अवघड नाही. रुसून आलेल्या माणसाने कोणी न्यायला आल्याशिवाय परत जायचं म्हणजे मान काय राहिला, एवढंच जेवताना सहज म्हण. न्यायला मी येतो आहे, शुक्रवारी पाचनंतर जी गाडी मिळेल तिने. यादीत ते नाव कोणी घातलं, ते मी त्यांना तुझ्या सोप्यात, त्यांच्यासमोर बसून सांगेन. दाजींना तेवढा वेळ घरात थांबायला सांग.